चहा आणि पोहे किंवा उपमा

‘चहा आणि पोहे किंवा उपमा’ अशी ऑर्डर आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलात द्या. पोरगा पोहे आणेल, पोहे संपले असतील तर उपमा आणेल, पण चहा दोन्ही वेळा आणेल. हेच वाक्य सी या संगणकभाषेत लिहिलं, तर उपमा खाणाऱ्याच्या चहाची हमी कोणी देत नाही. सीच्या व्याकरणात ‘आणि’ हा ‘किंवा’पेक्षा हुद्द्याने मोठा. तो चहा आणि पोहे यांची आधीच गाठ मारून टाकतो आणि उपमा बिचारा ‘किंवा’च्या पलीकडे कोरडा बसतो. कंपायलरला, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, हा नियम पाठ असतो. लिहिणाऱ्याला तो पाठ आहे का, अशी मात्र त्याला शंका असते. म्हणून काम तर तो करून देतो, वर एक ओळ चिकटवतो: ‘किंवा’च्या आतल्या ‘आणि’भोवती कंस घालावेत, अशी सूचना आहे. या ओळीला वॉर्निंग म्हणतात. आता गंमत बघा. सूचना शब्दशः पाळून ‘आणि’भोवती, म्हणजे चहा-पोह्यांभोवती, कंस घातले की कंपायलर गप्प होतो. प्रोग्रॅम जे आधी करत होता तेच पुढे करतो. उपमेवाला आधीसारखाच चहाविना. फक्त आधी त्याच्या बाजूने कोणीतरी कुरकुरत होतं, आता तेही नाही.

वॉर्निंग आणि एरर यांची गल्लत करू नये. एरर म्हणजे दाराला लावलेली कडी. कोड चुकलाय, आत घेणार नाही, विषय संपला. वॉर्निंग म्हणजे ‘निघालास ते ठीक, पण छत्री घेतलीस का?’ असं विचारणारी आजी. ती अडवत नाही, विचारते. यावर तीन गोष्टी करता येतात. छत्री घेता येते. ‘बसने चाललोय, नको’ असं कारण सांगता येतं. किंवा आजीला चाहूल लागू न देता मागच्या दाराने सटकता येतं. तिन्हींनंतर घरात सारखीच शांतता पसरते, आणि सगळी भानगड या सारखेपणात आहे. दोन कंस घातले, एक टाइप बदलला, एखादी टिप्पणी लिहिली की वॉर्निंगच्या यादीतली एक ओळ कमी होते. तो बदल छत्री होता, कारण होतं की मागचं दार होतं, हे यादीवरून कळायला मार्ग नाही. म्हणून माझं म्हणणं असं की या बदलांना ‘किरकोळ’, ‘नुसता स्टाइलचा प्रश्न’ म्हणणं हीच मोठी चूक आहे. असा प्रत्येक कंस ही एक सही असते: ‘वाचलं, समजलं, मला असंच हवं होतं.’ आणि न वाचता सही ठोकण्याची कला आपल्याला कोणी शिकवायला नको.

मुळात सी इतकी मुकी का, हेही समजून घ्यायला हवं. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली, ती एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या शहाण्या माणसांसाठी. शहाण्यांना टोकायचं नसतं, म्हणून कंपायलरही मितभाषी ठेवला. टोकण्याचं खातं पुढे वेगळं काढलं गेलं: तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे सुताचे बारीक तुसे. कोडवरचे तुसे वेचणं एवढंच त्याचं काम. पण वेचणारा आला तसा त्याला चकवण्याचा रस्ताही सोबतच आला. एखाद्या फंक्शनला दिलेली माहिती आत वापरलीच नसेल तर लिंट तक्रार करी. ती नको असेल तर फंक्शनवर एक टिप्पणी लिहायची: ‘आर्ग्ज यूज्ड’. वापरलेली नाही हे कबूल करण्यासाठी ‘वापरली’ असं लिहून द्यायचं! सरकारी अनुदानाचं विनियोग प्रमाणपत्र पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

कंसाचा खरा, छत्रीसारखा उपयोगही आहे, तो आधी मान्य करू. सीच्या आधीच्या ‘बी’ भाषेत ‘&’ हे एकच चिन्ह दोन कामं करत होतं. सीमध्ये तार्किक ‘आणि’साठी ‘&&’ असं जोडचिन्ह वेगळं काढलं, पण आधी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून जुन्या ‘&’ची पायरी होती तिथेच, ‘==’च्या खाली, ठेवली. हे बदललं असतं तर बरं झालं असतं, असं रिची यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. त्याचं फळ असं: ‘झेंडे & ४ == ४’ असं लिहिणाऱ्याला विचारायचं असतं, झेंड्यांमध्ये चारचा बिट उभा आहे का? सी आधी तपासते, चार बरोबर चार आहे का? असतातच. त्याचं उत्तर १, आणि मग ती भलताच, एकचा बिट पाहून येते. कोणी मुद्दाम असं लिहील हे जवळजवळ अशक्य. इथे कंपायलर टोकतो तेव्हा त्याचे पाय धरावेत आणि कंस योग्य जागी घालावेत. योग्य जागी म्हणजे ‘झेंडे & ४’भोवती; ‘४ == ४’भोवती घातले तरी आवाज बंद होतोच.

मागच्या दाराचा इतिहास अधिक रंगतदार आहे. सीमध्ये ‘=’ म्हणजे ‘ठेव’ आणि ‘==’ म्हणजे ‘बरोबर आहे का?’. ‘जर क = ०’ असं लिहिणाऱ्याच्या मनात प्रश्न असतो; सी तो हुकूम समजून ‘क’मध्ये शून्य ठेवून मोकळी होते. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं की काय होतं, ते १७७३मध्ये शनिवारवाड्याने पाहिलं, निदान आख्यायिका तरी तसं सांगते. जीसीसी हा सीचा सर्वांत प्रसिद्ध फुकट कंपायलर असल्या एकेरी ‘=’वर टोकतो आणि सुचवतो की हे मुद्दाम असेल तर भोवती आणखी एक कंस घाला. दुहेरी कंस म्हणजे ‘शपथेवर सांगतो’. काही जण त्याऐवजी वाक्यच उलटं करतात, ‘जर ० == क’; म्हणजे एक चिन्ह गळलं तर शून्यात काही ठेवता येत नसल्यामुळे कडीच लागते. युक्ती चोख आहे, पण वाचताना कोडला ताप आल्यासारखं वाटतं. असो. तर या शपथेची किंमत २००३च्या नोव्हेंबरमध्ये कळली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, कोडच्या एका प्रतीत कोणीतरी चोरून दोन ओळी घुसवल्या. वरवर वाचलं तर अर्थ निघे: अमुक दोन पर्याय एकत्र दिले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल, तर एरर परत कर. शून्य क्रमांक म्हणजे ‘रूट’, यंत्राचा मालक. प्रत्यक्षात तिथे एकच ‘=’ होतं. ते दोन पर्याय देणारा कोणीही त्या क्षणी मालक होणार! आणि त्या ‘=’भोवती कंस अगदी नीटनेटके घातलेले होते, त्यामुळे कंपायलर हूं की चूं करणार नव्हता. चोरी सापडली ती वेगळ्याच वाटेने: ती प्रत मूळ कोडशी जुळेना म्हणून. ‘ध’चा ‘मा’ करणारा स्टाइलच्या बाबतीत काटेकोर होता, याची नोंद घ्यावी.

हे चोराचं झालं. सज्जनांनी काय केलं तेही पाहू. चलाला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, किंमत न देताच तो वापरला जातोय की काय, अशी जीसीसीला कधीकधी शंका येते. शंकाच, कारण त्या वॉर्निंगच्या नावातच ‘कदाचित’ आहे. लिनक्समध्ये यावर एक मॅक्रो, म्हणजे कोडच्या तुकड्याला दिलेलं आखूड नाव, होता आणि त्याचा सारा ऐवज इतकाच: ‘क = क’. ‘तुझं नाव काय?’ ‘माझं जे नाव आहे तेच.’ एवढ्यावर कंपायलरचं समाधान व्हायचं! वर्षानुवर्षं हे चाललं. २०२०मध्ये तो मॅक्रो काढून टाकला, कारण त्याच्या पांघरुणाखाली खोट्या शंकांच्या शेजारी खरे दोषही गुपचूप झोपत होते. त्याच वर्षी नव्या जीसीसीच्या खोट्या हाकाटीला कंटाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती ‘कदाचित’वाली वॉर्निंगच कर्नलपुरती बंद केली, हेही सांगायला हवं. आजीचं दर वेळी बरोबर असतं, असा माझा दावा नाही.

सर्वांत महागडी शांतता डेबियन या लिनक्सच्या वाणाने विकत घेतली. हे प्रकरण कंपायलरचं नाही, चालत्या प्रोग्रॅमची स्मृती तपासणाऱ्या व्हॅलग्रिंड या हत्याराचं. पण नातं सख्ख्या भावंडांचं आहे. ओपनएसएसएल ही गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी. तिच्या यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या भागात किंमत न दिलेली स्मृती वाचली जातेय, अशी तक्रार व्हॅलग्रिंडने केली. तक्रार खरी होती. त्या भागात एकाच चेहऱ्याच्या दोन ओळी दोन ठिकाणी होत्या. एका जागी ती ओळ उरलासुरला कचरा मिसळत होती, ती गेली असती तरी फारसं बिघडत नव्हतं. दुसऱ्या जागी नेमकी तीच ओळ खरा यादृच्छिक मसाला ओतत होती. २००६मध्ये दोन्ही ओळी टिप्पणीत टाकल्या गेल्या, म्हणजे कोडमध्ये दिसतात पण चालत नाहीत अशा केल्या गेल्या. हत्यार शांत झालं. आता किल्लीत अनिश्चित म्हणावं असं काय उरलं, तर चालू प्रोसेसचा क्रमांक, ज्याच्या जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. जगात जी किल्ली कोणालाही ओळखता येऊ नये ती एखाद्या तालुक्याच्या गावाच्या मतदारयादीत मावू लागली. दोष उघडकीस आला मे २००८मध्ये, आणि मग ठिकठिकाणच्या यंत्रचालकांना किल्ल्या पुन्हा घडवाव्या लागल्या. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण थट्टेत वापरतो. इथे म्हैस आणि पखाल दिसायलाच सारख्या होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार माणसांकडून येतो: मग हात लावूच नका ना. चालत्या कोडला नुसत्या शोभेसाठी ढवळू नये. एसक्यूलाइट हा फोनपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे बसलेला डेटाबेस सीमध्ये लिहिलेला आहे. त्याच्या कर्त्यांनी स्वतःच्या चाचण्यांची माहिती देताना स्पष्ट लिहिलं आहे की कोड न चालवता नुसता वाचून दोष शोधणाऱ्या हत्यारांनी जितके दोष दाखवले, त्यापेक्षा जास्त दोष वॉर्निंग्ज घालवण्याच्या खटपटीत नव्याने शिरले. हा पुरावा मी नाकारत नाही. उलट तो माझ्याच बाजूचा मानतो. शिरलेले दोष वॉर्निंगने आणले नाहीत, तिला घालवणाऱ्या हाताने आणले. शिवाय त्याच मजकुरात असंही म्हटलं आहे की त्यांचा कोड जीसीसीवर नेहमीच्या वॉर्निंग्ज चालू ठेवून तक्रारीविना कंपाइल होतो. म्हणजे कुरकुरत का होईना, छत्री घेऊनच निघतात.

‘चालतंय ना, मग राहू दे’ या भूमिकेला दुसरं उत्तर २०१४च्या फेब्रुवारीत ॲपलने दिलं, अर्थात नाइलाजाने. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. पहिली ‘जर’च्या ताब्यात. दुसरी कोणाच्याच ताब्यात नाही, पण अशी आत सरकवलेली की पाहणाऱ्याला वाटावं तीही ‘जर’चीच. ती बिनशर्त उडी मारायची आणि सहीची खरी तपासणी पुढे राहून जायची. महिरपी कंस असते तर? दुसरी ओळही त्यांच्या आत गेली असती तर निरुपद्रवी ठरली असती, बाहेर राहिली असती तर डोळ्यांत खुपली असती. महिरपी कंस ‘जर’च्या एका ओळीसाठीही घालावेत की नाही, यावर प्रोग्रॅमर मंडळी पुरणपोळी दुधाशी की तुपाशी इतक्या तळमळीने भांडतात, आणि एरवी ते भांडण तितकंच निरर्थक असतं. पण पोहोचताच न येणाऱ्या कोडवर टोकणारी वॉर्निंग तेव्हा होती कुठे? क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये होती, पण ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये नव्हती. ‘डब्ल्यू-ऑल’ म्हणजे ‘सगळ्या वॉर्निंग्ज’, आणि त्यात सगळ्या नसतात. उरलेल्यांपैकी काहींसाठी ‘एक्स्ट्रा’ नावाचा वेगळा पर्याय मागून घ्यावा लागतो. ‘सरसकट’ या शब्दाचा सरकारी अर्थ ठाऊक असणाऱ्यांना हे पटकन कळेल. जीसीसीची कथा याहून सरस. तिथे ही वॉर्निंग मागण्याचा पर्याय आजही स्वीकारला जातो, पण काम बंद झालेलं आहे. खिडकी उघडी, आत माणूस नाही. दिशाभूल करणारं इंडेंट, म्हणजे ओळ अशी फसवी आत सरकवणं, पकडणारी वॉर्निंग जीसीसीत २०१६मध्ये आली आणि ती खरोखरच ‘सगळ्या’त घेतली गेली.

तिसरा पक्ष कडक शिस्तीचा: प्रत्येक वॉर्निंगला एरर करा, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ येतील. २०२१च्या सप्टेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी हा नियम सरसकट (खऱ्या अर्थाने) लावला आणि थोड्याच दिवसांत त्याला अटी जोडाव्या लागल्या. कारण साधं आहे. कंपायलरची प्रत्येक नवी आवृत्ती नव्या शंका शिकून येते, आणि काल निर्दोष असलेला कोड आज काहीही न करता गुन्हेगार ठरतो. कंपनीच्या चार भिंतींत, एकच कंपायलर असताना ही शिस्त चालते. बाहेर ती चालवली की डेडलाइनच्या आदल्या रात्री माणूस ओळ वाचत नाही, कंस पेरत सुटतो. सही मिळवण्याची जबरदस्ती केली की सही मिळते, वाचन मिळत नाही.

वॉर्निंगला दिलेलं चांगलं उत्तर कसं असतं, हे ‘फॉलथ्रू’च्या भांडणात दिसतं. सीच्या ‘स्विच’मध्ये एका ‘केस’चं काम संपल्यावर ‘ब्रेक’ लिहिला नाही तर प्रवाह थेट खालच्या केसमध्ये घरंगळतो. कधी ते मुद्दाम असतं, कधी विसर असतो, आणि दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे, म्हणजे काहीच न लिहिलेले. २०१७च्या जीसीसीने यावर टोकायला सुरुवात केली आणि सोय अशी ठेवली की तिथे इंग्रजीत ‘फॉल थ्रू’ अशी टिप्पणी असेल तर तो गप्प बसेल. टिप्पणी ही माणसांसाठी असते, कंपायलर ती वाचत नाही, हा सीच्या पहिल्या तासाला शिकवला जाणारा सिद्धांत तिथे मोडला. वाचनाच्या पायऱ्याही ठरवल्या आहेत. तिसऱ्या, म्हणजे नेहमीच्या पायरीवर ठरावीक इंग्रजी शब्दच लागतात. ‘इथून मुद्दाम खाली जातोय’ हे शुद्ध मराठी कारण तिथे ग्राह्य नाही. पहिल्या पायरीवर कुठलीही टिप्पणी चालते. मराठी चालते, मोडी चालेल, ‘चहा घेऊन येतो’ हेही चालतं. पाचव्या पायरीवर टिप्पणी अजिबात नको, रीतसर खूण हवी. लिनक्समधल्या अशा जागा लोकांनी एकेक करून तपासल्या, कुठे ‘ब्रेक’ विसरला होता तिथे घातला, बाकी ठिकाणी टिप्पणी लिहिली, आणि २०१९मध्ये ती वॉर्निंग कर्नलसाठी कायमची चालू झाली. पण क्लँगला टिप्पण्या कळत नव्हत्या, म्हणून २०२०मध्ये त्या टिप्पण्यांच्या जागी ‘फॉलथ्रू’ हा शब्दच कोडमध्ये लिहिण्याची पद्धत पडली. काम कंटाळवाणं, बदल एकेका शब्दाचा, यंत्राच्या चालीत बहुतेक ठिकाणी शून्य फरक. तरी मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं काम वाटतं, कारण दर जागी कोणीतरी थांबून ठरवलं: विसर की हेतू? कंस एवढं सांगू शकत नाहीत. शब्द सांगतो.

ज्यांना तरीही मागचंच दार आवडतं, त्यांच्यासाठी एक माहिती. काही फंक्शन्सचं उत्तर तपासलंच पाहिजे, असं ती लिहिणारा बजावून ठेवू शकतो. फाइलमध्ये लिहिलं ते खरंच लिहिलं गेलं का, यासारखी. अशा उत्तराकडे दुर्लक्ष केलं की जीसीसी टोकतो. एरवी ‘मला नकोय हे’ सांगायला पुढे ‘व्हॉइड’ असा शिक्का मारला की भागतं. इथे जीसीसी तो शिक्का मानत नाही. म्हणून लोक ते फंक्शन ‘जर’च्या कंसात बसवतात, पुढे नुसता अर्धविराम देतात आणि काहीच करत नाहीत. उत्तर तपासलं, समाधान झालं. ‘एक्स्ट्रा’ चालू असेल तर यावरही जीसीसीची एक वॉर्निंग येते: रिकाम्या जागेभोवती महिरपी कंस घालावेत, अशी सूचना आहे.